रास्त भाव दुकानातील वागणूक आणि तक्रारीचा हक्क

सार्वजनिक वितरण व्यवस्थेचा आढावा घेताना आपण बहुधा धान्याचे नियतन, उचल आणि वाटप यांचेच आकडे पाहतो. हे आकडे आवश्यक आहेत. परंतु गोदामातून निघालेले धान्य कुटुंबाच्या पिशवीत पडते ते दुकानाच्या फळीवर, आणि तेथे घडणाऱ्या व्यवहाराची नोंद या आकड्यांत पुरतेपणी उमटत नाही. दुकानदार कार्डधारकाशी कसा बोलतो, त्यास किती हेलपाटे घालावयास लावतो, पावती देतो की नाही, वजन डोळ्यांदेखत करतो की नाही, या गोष्टी वरवर किरकोळ वाटतात. वस्तुतः त्यांवरच या व्यवस्थेवरील लोकांचा विश्वास अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात या वागणुकीविषयी तक्रार करण्याचा हक्क, तिची योग्य रीत आणि ती हाताळणाऱ्यांची जबाबदारी यांचा विचार केला आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. त्यानंतर या व्यवस्थेची अंगे अनेकदा बदलली. राज्यात अनुसूचित वस्तूंच्या वितरणाचे विनियमन करणारा आदेश १९७५ मध्ये निघाला. १९९७ मध्ये दारिद्र्यरेषेच्या आधारे लक्ष्य ठरवून धान्य देण्याची पद्धत आली. १९९९ मध्ये महाराष्ट्रात पिवळ्या, केशरी व शुभ्र अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका लागू झाल्या आणि २००० च्या अखेरीस अंत्योदय अन्न योजना सुरू झाली. पुढे कागदी नोंदवहीची जागा ई-पॉस यंत्राने घेतली आणि सहीऐवजी अंगठा आला. साधने अशी पालटत गेली. मात्र फळीच्या एका बाजूस तराजू आणि दुसऱ्या बाजूस रिकामी पिशवी, हे नाते तसेच राहिले. या नात्यातील दुबळ्या बाजूस बळ देण्याचे काम कायद्याने केले आहे. ते बळ वापरण्याचे काम अद्याप पुष्कळसे बाकी आहे.

हक्क कोणता आणि किती?

तक्रार करणाऱ्यास प्रथम स्वतःचा हक्क ठाऊक असावा लागतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ याची अंमलबजावणी महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के व शहरी भागातील ४५.३४ टक्के, म्हणजे एकूण सुमारे ७ कोटी लोकसंख्येस या कायद्याखाली लाभ देण्याची मर्यादा राज्यासाठी ठरविण्यात आली. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक सदस्यास दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास सदस्यसंख्या कितीही असली तरी दरमहा ३५ किलो धान्य मिळावयाचे असते. आरंभी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये व भरड धान्य १ रुपया किलो असा दर होता. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य दिले जाऊ लागले आणि १ जानेवारी २०२४ पासून ही सवलत आणखी पाच वर्षांसाठी वाढविण्यात आली.

धान्य विनामूल्य झाल्यापासून एक गैरसमज मात्र बळावला आहे. ‘फुकटचे घेता आणि वर तोंड करून बोलता’ हे वाक्य रांगेतील माणसास ऐकावे लागते, आणि ऐकणाऱ्यासही ते कधीकधी खरे वाटू लागते. ते खरे नाही. हे धान्य दुकानदाराच्या मालकीचे नसते. ते देण्यात त्याचे औदार्य नसते. संसदेने केलेल्या कायद्याने त्या कुटुंबाचा हिस्सा ठरविलेला असतो, तो पोहोचविण्याची जबाबदारी शासनाची असते आणि त्या कामाबद्दल दुकानदारास क्विंटलमागे मोबदला मिळतो. धान्याचे मूल्य शून्य झाले म्हणून हक्काचे मूल्य शून्य होत नाही. हक्काचे धान्य मिळाले नाही तर राज्य शासनाकडून अन्न सुरक्षा भत्ता मिळण्याची तरतूद याच अधिनियमाच्या कलम ८ मध्ये आहे.

वागणुकीमागे दडलेली बाब

दुकानातील गैरवर्तनाच्या तक्रारी ऐकल्या तर त्या पुष्कळदा ‘दुकानदार नीट बोलत नाही’ अशा सर्वसाधारण शब्दांत सांगितल्या जातात. अधिकाऱ्यासही मग वाटते की, हा स्वभावाचा प्रश्न आहे. समज देऊन सोडून द्यावे. परंतु थोडे खोलात गेल्यास असे आढळते की, उद्धटपणा बहुधा एकटा येत नाही. त्याच्या आड काही तरी मोजता येण्याजोगे दडलेले असते. वजन विचारणाऱ्यावर दुकानदार खेकसतो, कारण वजन कमी असते. पावती मागणाऱ्याची टर उडवितो, कारण पावतीवर २५ किलो छापले जाणार असते आणि पिशवीत २२ किलो पडलेले असते. ‘उद्या या’ असे तो चार वेळा सांगतो, कारण पाचव्या खेपेस काही माणसे येणारच नाहीत, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. अपमान हे अशा वेळी कसर लपविण्याचे साधन बनते.

एका दुकानास २०० शिधापत्रिका जोडलेल्या आहेत असे समजू. प्रत्येक पत्रिकेमागे महिन्यास केवळ १ किलो धान्य कमी दिले, तर महिन्यास २ क्विंटल आणि वर्षास २४ क्विंटल धान्य वाटेतच राहते. एका कुटुंबास १ किलोसाठी भांडण नकोसे वाटते. आणि वर्षाकाठी १२ किलो, म्हणजे दोन माणसांच्या महिन्याच्या धान्याहून अधिक, ते गमावून बसते.

अंगठ्याच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. यंत्रावर अंगठा घेतला आणि व्यवहार पूर्ण झाला की, शासनाच्या दफ्तरी धान्य दिल्याची नोंद होते. ‘अंगठा आज देऊन ठेवा, धान्य सोमवारी न्या’ असे म्हणणे ऐकून परतलेल्या माणसाकडे सोमवारी काहीच पुरावा उरत नाही. म्हणून धान्य तराजूवर दिसल्याखेरीज अंगठा देऊ नये आणि पावती घेतल्याखेरीज दुकान सोडू नये, हे दोन नियम प्रत्येक घरात पाठ असावेत.

याउलट, अंगठा उमटत नाही म्हणून धान्य नाकारणे हाही अन्यायच आहे. ऊसतोड, वीटभट्टी, धुणीभांडी अशी कामे करणाऱ्यांच्या आणि वृद्धांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. केवळ आधार नसल्याने किंवा बोटांचे ठसे न जुळल्याने कोणाही खऱ्या लाभार्थ्यास धान्यापासून वंचित ठेवू नये, असे निर्देश केंद्र शासनाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना दिलेले आहेत. ठसा न जुळणे हा यंत्राचा दोष आहे; त्याची शिक्षा माणसास होता कामा नये.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. धान्य दिल्यानंतर शिधापत्रिका स्वतःकडे ठेवून घेण्याचा अधिकार दुकानदारास नाही. तसेच हक्काचे परिमाण, शिल्लक साठा, दुकानाची वेळ आणि तक्रार कोठे करावी, ही माहिती दिसेल अशा ठिकाणी फलकावर लावणे त्यास बंधनकारक आहे.

तक्रार लिहिण्याची रीत

मनातील संताप कागदावर जसाच्या तसा उतरविला तर तक्रार दुबळी होते. ‘दुकानदार माजलेला आहे, गोरगरिबांना छळतो, त्याचा परवाना रद्द करा’ असा अर्ज वाचून चौकशी करणाऱ्यास नेमके काय तपासावे, हेच उमगत नाही. दुकानदार नुसते ‘हे खोटे आहे’ असे लिहून देतो आणि प्रकरण मिटते. चांगल्या तक्रारीत पाच गोष्टी असाव्यात: दिवस व वेळ, दुकान व शिधापत्रिका यांचे क्रमांक, मिळावयाचे व प्रत्यक्ष मिळालेले धान्य, घडलेले बोलणे त्याच शब्दांत, आणि अर्जदाराची नेमकी मागणी. नमुन्यादाखल मजकूर असा असू शकेल:

‘माझ्या कुटुंबात पाच सदस्य असून आम्हांस दरमहा २५ किलो धान्य मिळावयास हवे. दिनांक अमुक रोजी सकाळी साडेदहा वाजता मी रास्त भाव दुकान क्रमांक अमुक येथे गेले. यंत्रावर माझा अंगठा घेण्यात आला. त्यानंतर मला २२ किलो धान्य देण्यात आले. पावती मागितली असता, “फुकटचे घेता आणि पावती मागता”, असे दुकानदार सर्वांसमक्ष म्हणाले व पावती दिली नाही. त्या वेळी रांगेत माझ्या दोन शेजारणी हजर होत्या. त्यांची नावे खाली दिली आहेत. तरी राहिलेले ३ किलो धान्य मिळावे, यापुढे पावती मिळावी आणि झाल्या प्रकाराची चौकशी व्हावी, ही विनंती.’

या अर्जात अपमानाचा उल्लेख वगळलेला नाही. तो वगळण्याचे कारणही नाही. परंतु तो तपासता येण्याजोग्या तपशिलाच्या सोबत आला आहे. यंत्रातील नोंद २५ किलोची निघाली आणि शेजारणींनी २२ किलोचे सांगितले की, दुकानदारास उत्तर देणे भाग पडते. अर्ज दोन प्रतींत करून एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज कार्यालयाच्या दृष्टीने जन्मासच आलेला नसतो.

दोष कोणाचा, हेही आधी तपासून पाहावे. यादीतून नाव वगळले गेले असेल, सदस्यसंख्या चुकीची असेल किंवा धान्य गोदामातूनच आले नसेल, तर दुकानदाराशी वाद घालून काही साध्य होत नाही. तो प्रश्न तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेचा असतो.

तक्रार कोणाकडे करावी?

तालुक्यात तहसीलदार व पुरवठा निरीक्षक, जिल्ह्यात जिल्हा पुरवठा अधिकारी आणि मुंबईत शिधावाटप अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. लिहिता न येणाऱ्यांसाठी १९६७ व १८००-२२-४९५० हे निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहेत. दूरध्वनीवर तक्रार केल्यास मिळालेला नोंदणी क्रमांक लिहून ठेवावा.

या प्रशासकीय मार्गाखेरीज अधिनियमानेच स्वतंत्र मार्ग आखून दिला आहे. कलम १५ अन्वये प्रत्येक जिल्ह्यास तक्रार निवारण अधिकारी असतो. त्याच्या आदेशाने समाधान न झाल्यास राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते. तक्रार निवारण अधिकाऱ्याने शिफारस केलेला दिलासा योग्य कारणाशिवाय न देणाऱ्या लोकसेवकास, त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यानंतर, आयोग ५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो. काळाबाजार किंवा साठ्यातील अफरातफर असल्यास प्रकरण जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली जाते.

काही वाचकांच्या मनात ग्राहक आयोगाचा विचार येईल. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील व्याख्येनुसार मोबदला देऊन वस्तू वा सेवा घेणारा तो ग्राहक होय. विनामूल्य धान्याच्या बाबतीत या व्याख्येवरच वाद उपस्थित होऊ शकतो. म्हणून अन्न सुरक्षा अधिनियमाचा मार्ग हाच येथे सरळ मार्ग ठरतो. अनुसूचित जाती वा जमातीच्या व्यक्तीस जातीवरून अपमानित केले गेले असेल, तर मात्र तो पुरवठा शाखेचा विषय राहत नाही. तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखालील गुन्हा ठरू शकतो आणि त्याची फिर्याद पोलीस ठाण्यात द्यावी लागते.

भीतीचा प्रश्न

इतके मार्ग असूनही लोक तक्रार का करीत नाहीत? ‘पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच्याच दारात जायचे आहे’, हे त्याचे साधे उत्तर आहे. ही भीती अवास्तव नाही. एका गावात एकच दुकान असते आणि दुकानदार पुष्कळदा गावातील वजनदार असामी असतो.

या भीतीवर दोन उतारे आहेत. पहिला उतारा म्हणजे दुकान बदलण्याची मुभा. यंत्रावर ओळख पटवून कार्डधारकास दुसऱ्या दुकानातूनही धान्य घेता येते. ९ ऑगस्ट २०१९ रोजी महाराष्ट्र व गुजरात आणि आंध्र प्रदेश व तेलंगणा अशा राज्यांच्या जोड्यांमध्ये ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेचा आरंभ झाला. २०२२ च्या मध्यापर्यंत ती सर्व राज्यांत पोहोचली. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी कोल्हापूर, सांगलीकडे गेलेल्या कुटुंबास तेथील दुकानात धान्य मागण्याचा हक्क आहे. ‘तुमचे कार्ड आमच्याकडचे नाही’ असे सांगून त्यांना परत पाठविणे हे नियमास धरून नाही. अशा फिरत्या कुटुंबांचा गावात आवाज नसतो. म्हणून त्यांच्या तक्रारीकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

दुसरा उतारा म्हणजे एकट्याने न जाता मिळून जाणे. एकीचा अर्ज हे भांडण समजले जाते; पंधरा जणींचा अर्ज ही वस्तुस्थिती ठरते. अधिनियमाच्या कलम १३ अन्वये अठरा वर्षांवरील वयाने ज्येष्ठ स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख असते. बचत गटांच्या बैठकीत महिन्यातून एकदा सर्वांच्या पावत्या समोर ठेवून मिळालेल्या धान्याशी ताडून पाहिल्या, तर कसर कोठे आहे हे तेव्हाच कळते.

दुकानदाराची बाजू

न्यायाने विचार करावयाचा तर दुकानदाराची अडचणही समजून घेतली पाहिजे. नियतन उशिरा येते आणि महिनाअखेरीस गर्दी उसळते. यंत्राची जोडणी तुटते आणि रांगेतील शंभर माणसांचा रोष त्यास एकट्याला सोसावा लागतो. पोत्यात मूळचीच घट असेल, तर ती कोणी भरून द्यावयाची, हा प्रश्न उरतो. राज्यातील दुकानदारांचा क्विंटलमागील मोबदला १५० रुपयांवरून १७० रुपये करण्याचा निर्णय ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. त्यातूनच जागेचे भाडे, हमाली आणि मदतनीसाचा पगार भागवावा लागतो.

या अडचणी खऱ्या आहेत. परंतु त्यांचे निराकरण कार्डधारकाच्या पिशवीतून करता येणार नाही. गोदामातून आलेले धान्य दुकानदाराने वजन करूनच ताब्यात घ्यावे आणि घट आढळल्यास त्याच दिवशी लेखी कळवावे. जोडणी बंद असेल तर तसा फलक लावून पुन्हा केव्हा यावे हे सांगावे. प्रामाणिक दुकानदारास तक्रारीच्या व्यवस्थेचे भय वाटण्याचे कारण नाही. उलट, वरून होणारी घट उघडकीस आणण्यास कार्डधारकांच्या पावत्या त्याच्याच उपयोगी पडतील.

जबाबदारी कोणाची?

अधिनियमात राज्य, जिल्हा, तालुका आणि दुकान या चारही पातळ्यांवर दक्षता समित्यांची तरतूद आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी या समितीची बैठक कागदावर न ठेवता दुकानातच भरवावी. धान्य आल्याच्या दिवशी साठा पाहावा, फलक वाचावा आणि रांगेतील चार माणसांशी बोलावे. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी. अभिलेख लोकांना पाहावयास खुले ठेवणे आणि दुकानाच्या कामाचे सामाजिक परीक्षण करणे या गोष्टी कायद्यानेच सांगितल्या आहेत. त्यासाठी कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही.

पुरवठा निरीक्षकाने चौकशीची रीत बदलणे अगत्याचे आहे. दुकानात बसून, दुकानदाराच्या समक्ष, तक्रारदाराचा जबाब घेतला तर सत्य बाहेर येणार नाही. यंत्रातील व्यवहारांची यादी घेऊन तक्रारदारासह पंधरा-वीस घरी जावे आणि प्रत्येक घरी मिळालेल्या धान्याची विचारपूस करावी. त्यामुळे तक्रार कोणी केली हेही झाकून राहते आणि एका घराच्या तक्रारीवरून सर्व दुकानाची तपासणी होते. चौकशीचा निष्कर्ष तक्रारदारास लेखी कळवावा. तक्रार फेटाळली असेल तर कारणांसह कळवावा. उत्तर न मिळालेला माणूस पुन्हा अर्ज करीत नाही आणि त्याचा शेजारीही करीत नाही.

शिक्षकांचा वाटा यात लहान नाही. अर्जलेखन हा भाषेच्या अभ्यासातील विषय आहे आणि किलो, क्विंटल व टक्केवारी हा गणितातील. सहा माणसांच्या कुटुंबास किती धान्य मिळेल, पावतीवरील नोंद कशी वाचावी, अर्जास पोच कशी घ्यावी, हे वर्गात सहज शिकविता येते. मात्र कोणाच्या घरी कोणत्या रंगाची शिधापत्रिका आहे, हे वर्गात विचारू नये. दुकानाच्या रांगेत वाट्यास आलेला संकोच शाळेच्या बाकावर पुन्हा वाट्यास येता कामा नये.

रास्त भाव दुकान या नावातील ‘रास्त’ हा शब्द केवळ भावापुरता नाही. आज भावच उरलेला नसताना तर तो शब्द वजनास, वेळेस आणि वागणुकीस लागू करावयास हवा. दुखावलेला कार्डधारक गप्प बसतो तेव्हा गावात शांतता आहे, असे समजण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात त्या शांततेची किंमत कुणाच्या तरी घरी रिकाम्या डब्याने चुकती होत असते. तक्रार करणारा माणूस व्यवस्थेचा शत्रू नव्हे. तराजूचा काटा सरळ ठेवण्यास मदत करणारा तो तिचा साहाय्यक आहे. त्याचा अर्ज टेबलावर येईल तेव्हा त्याकडे या दृष्टीने पाहावे, एवढीच अपेक्षा.